'मी तोंडावर बोलतो, मनात काही नसतं' हे कारण चालतं का?

धरमपेठची_शुभा
नमस्कार मंडळी. आपल्या नागपुरात एक वाक्य लग्नात, पानठेल्यावर, ऑफिसात, कॉलनीच्या गणपतीत सगळीकडे ऐकू येतं, "आम्ही बाप्पा तोंडावर बोलतो, मनात काही ठेवत नाही." आणि हे अगदी छाती पुढे काढून सांगतात. मला आता असं वाटायला लागलंय की यातल्या बऱ्याच वेळा स्पष्टपणा वगैरे काही नसतो, बोलायच्या आधी विचारच केलेला नसतो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. मागच्या पालकसभेला एक वडील आले, मुलगा शेजारी उभा, मागे दारात त्याचे तीन-चार मित्र आपापल्या आईबाबांची वाट बघत. मी म्हटलं फिजिक्समध्ये जरा मागे आहे, थोडं लक्ष द्या. तर ते मोठ्याने म्हणाले, "मॅडम, याच्या डोक्यात भुसा आहे, याला काय लक्ष देता, बारावी झाली की हाकलूनच देतो." मागून कोणीतरी फिसकन हसलं. मुलाने मान खाली घालून शर्टाच्या बाहीचं बटण काढलं, लावलं, काढलं, लावलं. त्यानंतर तो प्रॅक्टिकलला शेवटच्या टेबलावर एकटा उभा राहायला लागला. मी वडिलांना फोन केला तर त्यांना खरंच धक्का बसला, "मॅडम मी तर गंमत केली, माझ्या मनात काहीच नव्हतं." माणूस वाईट नाही हो, पोराच्या फीसाठी डबल शिफ्ट करतो.

तर मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मनात काही नव्हतं म्हटल्याने समोरच्याला लागलेलं कमी होतं का? आणि समोर कोणी असं बोलायला लागलंय हे दिसत असताना, विशेषतः वयाने मोठा माणूस असेल, तर त्याला मध्येच थांबवायचं कसं? अनुभव लिहा, मनापासून विचारतेय.

तर्रीवाला
मारबतीच्या मिरवणुकीत पुढच्या वर्षी एक बडग्या (पुतळा) याचाच काढू. रोगराई, खोकला, महागाई घेऊन जा गे मारबत म्हणतोच, सोबत "विचार न करता बोलणं घेऊन जा गे मारबत". पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे या महालात, मी पुढून ओरडतो 😄

महालचा_राजा
शुभाताई, थोडं वेगळं मत आहे माझं, राग नका मानू. नागपूरच्या माणसाचं हे तोंडावर बोलणं काही वाईट नाही. उलट विचार करत बसणारे लोक वेळेवर बोलतच नाहीत आणि मग नुकसान होते.

माझ्या चुलत बहिणीची गोष्ट सांगतो. स्थळ आलं, पोरगा बुटीबोरीत मोठ्या कंपनीत सुपरवायझर आहे, एवढा पगार तेवढा पगार. बैठक आमच्याच घरी. सगळे गोड गोड बोलून राहिले होते, पोहे झाले, चिवडा झाला, आता तारखेचंच बोलणं निघणार होतं. आणि आमची आत्या एकदम म्हणाली, "पोराची सॅलरी स्लिप दाखवा बावा पयले, मंग चहा घेऊ." सगळे सुन्न. माझ्या वडिलांनी डोळे वटारले. पोराचा मामा इकडे तिकडे पाहू लागला, मंग हळूहळू बाहेर आलं की नोकरी सुटून वर्ष होऊन गेलं होतं. आत्या तेव्हा तोल सांभाळत बसली असती तर बहिणीचं काय झालं असतं? म्हणून मी म्हणतो, जे आहे ते पटकन बोलून टाका. जास्त विचार केला की माणूस मुका होते.

पुणेकर_सध्या_खामल्यात
दोन्ही शहरं जवळून पाहिल्यामुळे लिहितो. आमच्या पुण्यात टोमणा पूर्ण विचार करून, शब्द घासूनपुसून, नेम धरून मारतात. त्यामुळे विचार केला की माणूस चांगलंच बोलतो असं समजू नका 😀 इथे निदान बोलणारा पाच मिनिटांत विसरून "चला सावजी खाऊ" तरी म्हणतो.

धरमपेठची_शुभा
@पुणेकर हाहा, मान्य. पण विसरतो तो बोलणारा. ऐकणारा विसरत नाही, माझा मुद्दा तोच आहे.
@महालचा_राजा आत्यांना माझा नमस्कार सांगा. पण त्या खरंच विचार न करता बोलल्या का? मला शंका आहे. भेटल्या की विचारा.

काटोल_रोड
मी सहसा वाचतो फक्त, पण हा धागा पाहून राहवलं नाही.

माझे मोठे काका याच वर्षी गेले. काटोलजवळच्या गावी राहायचे. पहाटे उठले तर एक बाजू लुळी, बोलता येईना. माझ्या चुलत भावाने गाडी शोधली, गावात त्या वेळी गाडी मिळणं म्हणजे काय ते गावच्या माणसालाच कळेल, आणि नागपूरला आणलं. चार दिवसांनी काका गेले.

तेरवीला पंगत बसली. भाऊ स्वतः वाढत होता, हातात वरणाची बादली. आमचे एक मावसे, सत्तरीच्या पुढचे, पानावर बसलेले, त्यांनी भाताचं आळं केलं आणि वर न पाहताच म्हणाले, "जराक आंधी आनलं असतं नागपूरले तं वाचले असते भाऊ." बस्स. एवढंच. भावाने त्यांच्या पानावर वरण वाढलं, पुढच्या पानावर वाढलं, पंगत पूर्ण केली, बादली ठेवली आणि गोठ्याकडे निघून गेला. रात्रीपर्यंत कोणाशी बोलला नाही.

आता तो काय करतो, जो डॉक्टर भेटेल त्याला विचारतो, एक तास आधी निघालो असतो तर? गाडी ज्याने द्यायला उशीर केला त्या मित्राशी बोलणं बंद केलंय. आणि मावशांना यातलं काहीच माहीत नाही, ते दिवाळीला फोन करून विचारतात, पोरगा फोन कामून उचलत नाही बा. त्यांच्या मनात खरोखर काही नव्हतं, त्यांना काकांबद्दल वाईटच वाटत होतं, काहीतरी बोलायचं म्हणून ते बोलले. शुभाताईंच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर, नाही. जरासुद्धा कमी होत नाही.

अंबाझरी_वॉकर
वाचून पोटात कालवलं. तेरवीच्या पंगतीत असं बोलणारा एक तरी भेटतोच.

सिस्टर_सक्करदरा
@काटोल_रोड मी नर्स आहे, आयसीयूत बरीच वर्षं काम केलंय. तुमच्या भावाला हे वाचून दाखवा.

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होऊन लकवा झाला असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण 4.5 तासांच्या आत द्यावं लागतं. त्याच्या आधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे बघतात, रक्तस्राव असेल तर ते इंजेक्शन देतच नाहीत. आणि माणूस झोपेतून उठला तेव्हाच लक्षणं होती, तर सुरुवात कधी झाली हे कोणालाच सांगता येत नाही. मग डॉक्टर विचारतात, शेवटचं ठीकठाक कधी पाहिलं होतं? म्हणजे रात्री झोपताना. घड्याळ तिथून सुरू होतं. तुमच्या काकांच्या बाबतीत पहाटे डोळा उघडला तेव्हाच ती वेळ निघून गेलेली असू शकते. मी फाइल पाहिलेली नाही म्हणून त्यांच्याबद्दल ठाम काही बोलणार नाही, पण पानावर बसलेल्या मावशांना तर यातलं काहीही ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी निकाल देऊन टाकला.

"आधी आणलं असतं तर" हे वाक्य आयसीयूच्या बाहेर जिन्यात मी इतक्यांदा ऐकलंय. भेटायला आलेला माणूस बोलून लिफ्टने खाली जातो, रात्री बाकावर झोपणारी बायको किंवा मुलगा ते उराशी घेऊन बसतो. आणखी एक, बेडजवळ उभं राहून "आता काही खरं नाही" असं कुजबुजू नका. डोळे मिटलेले आहेत म्हणजे ऐकू येत नाही असं आम्ही कधीच धरून चालत नाही, तोंड पुसतानासुद्धा आम्ही पेशंटला "काका, तोंड पुसतेय हं" असं सांगूनच पुसतो.

काटोल_रोड
सिस्टर, खूप खूप आभार. तो झोपेतून उठल्यावरचा मुद्दा आम्हाला कोणालाच माहीत नव्हता. आजच पाठवतो त्याला.

मनीषनगर_स्पीच
मी स्पीच थेरपिस्ट आहे, बोलणं हेच माझं काम, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडते. लोक म्हणतात "बोलायच्या आधी विचार कर", पण आपलं रोजचं बोलणं कसं चालतं बघा. 2009 साली 10 भाषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यामध्ये सरासरी जेमतेम 200 मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी लोक त्यातल्या त्यात लवकर बोलतात, डॅनिश लोक जरा उशिरा, पण फरक अगदी थोडा. आणि नुसतं चित्र पाहून एक शब्द उच्चारायला डोक्याला 600 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. मग 200 मध्ये उत्तर येतं कुठून? तर समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर जुळवणं सुरू झालेलं असतं. त्याचं शेवटचं वाक्य आपण अर्ध्या कानाने ऐकतो.

म्हणून थांबणं आपोआप होत नाही, ते मुद्दाम करावं लागतं. क्लिनिकमध्ये मी आईवडिलांना सांगते, मूल बोलून झाल्यावर मनात एक-दोन म्हणा आणि मगच बोला. सुरुवातीला त्यांना तो एक सेकंद फार मोठा वाटतो, अवघडल्यासारखं होतं. पण मुलं त्या सेकंदात पुढचं बोलतात! जे खरं सांगायचं असतं ते पुष्कळदा तिथेच येतं.

तर्रीवाला
एक-दोन म्हणेपर्यंत आमच्याकडे बायको निकाल देऊन मोकळी असते 😄 पण ताई, मुलांचं खरंय. पोरगी शाळेतून आली की मी "काय झालं" विचारतो आणि तिने तोंड उघडायच्या आत "टीचर बरोबरच असतील" म्हणून मोकळा. आजपासून एक-दोन.

इतवारीतला_वकील
कोर्टातलं सांगतो, कारण तिथे विचार न करता बोललेलं कागदावर उतरतं आणि मग देवही पुसू शकत नाही.

उलटतपासणीत साक्षीदाराचं उत्तर बहुतेक वेळा प्रश्नोत्तर म्हणून लिहिलं जात नाही, सलग निवेदनासारखं लिहिलं जातं. वकील विचारतो, "भांडण संध्याकाळी झालं आणि तुम्ही तेव्हा दुकानात नव्हता, बरोबर?" साक्षीदार पहिला भाग ऐकतो, भांडण संध्याकाळीच झालेलं असतं, तो घाईघाईत "हो हो साहेब" म्हणतो. कागदावर काय येतं? "हे म्हणणे खरे आहे की, घटनेच्या वेळी मी दुकानात नव्हतो." संपला खटला. माणूस प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणारा, खरा, पण दोन शब्दांनी गेला. बाहेर आल्यावर म्हणतो, मी तर वेळेबद्दल हो म्हणालो होतो! म्हणून मी प्रत्येक साक्षीदाराला व्हरांड्यात उभं करून एकच गोष्ट घोकून घेतो: प्रश्न संपू द्या, समजला नाही तर "समजला नाही" म्हणा, आणि विचारलं तेवढंच सांगा.

दुसरं, "बोललोच ना, लिहून थोडंच दिलं" हा मोठा गैरसमज आहे लोकांचा. आपल्या फौजदारी कायद्यात तोंडी बदनामी आणि लेखी बदनामी एकाच कलमात आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 356, आधी आयपीसी 499-500 होतं. 2 वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. चौकात उभं राहून शेजाऱ्याला चोर म्हणणारा माणूस माझ्याकडे येतो तेव्हा त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "साहेब, रागात निघून गेलं हो तोंडातून."

रेशीमबाग_वाली
वकीलसाहेबांनी कागदाचं सांगितलं म्हणून आठवलं. माझे वडील विधिमंडळात प्रतिवेदक होते, शॉर्टहँड घ्यायचे. 1953 च्या नागपूर करारामुळे आपल्याकडे हिवाळी अधिवेशन भरतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्या दिवसांत बाबा घरी जेवायला मिळाले तर नशीब. सभागृहात कोणी भलतंसलतं बोललं की अध्यक्ष तो शब्द कामकाजातून काढून टाकायला सांगतात. बाबा सांगायचे, हात जसं ऐकू येईल तसं लिहून मोकळा झालेला असतो, मग तो शब्द वगळून छापील कार्यवृत्त तयार होतं. पण गॅलरीतल्या लोकांनी ऐकलेलं असतं, आणि जो शब्द काढला त्याचीच संध्याकाळी बर्डीच्या बाजारात चर्चा! बाबा स्वतः फार कमी बोलायचे. आम्ही म्हणायचो दिवसभर दुसऱ्यांचं लिहून थकतात.

इतिहासवेडा_नंदनवन
थोडं विषयांतर करतो, पण महालच्या राजाच्या बाजूने. विचार न करता बोलल्यामुळे जगाचं भलंसुद्धा झालंय. 9 नोव्हेंबर 1989, पूर्व बर्लिन. गुंटर शाबोव्स्की नावाचा पूर्व जर्मनीतल्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचा पुढारी पत्रकार परिषद घेत होता. देशाबाहेर प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद त्याच्या हातात ऐन वेळी दिला होता, निर्णय झाला तेव्हा तो तिथे नव्हता. खरं तर नियम दुसऱ्या दिवसापासून, रीतसर अर्ज करून असे लागू व्हायचे होते. पत्रकाराने विचारलं, कधीपासून? यानं कागद चाळले आणि म्हणाला माझ्या माहितीप्रमाणे लगेच. झालं! टीव्हीवर ऐकून हजारो लोक पूर्व-पश्चिम बर्लिनमधल्या भिंतीकडे निघाले आणि रात्री फाटकं उघडली. 28 वर्षांची भिंत एका न वाचलेल्या कागदाने गेली. आता बोला.

सिस्टर_सक्करदरा
@इतिहासवेडा त्याच रात्रीची दुसरी बाजूही सांगा ना. फाटकावर बंदूकवाले पहारेकरी होते आणि त्यांना वरून काहीच आदेश नव्हता. बोर्नहोल्मर रस्त्यावरचा अधिकारी हाराल्ड येगर वरिष्ठांना पुन्हा पुन्हा फोन करत राहिला, गर्दी वाढत गेली, शेवटी त्याने फाटक उघडायला लावलं. तिथे तोही शाबोव्स्कीसारखा पटकन काही बोलून गेला असता, एखादा हुकूम सुटला असता तोंडातून, तर? एकाच्या बेफिकीर बोलण्याचं भलं झालं ते दुसरा थांबला म्हणून. त्या रात्री रक्त सांडलं नाही याचं श्रेय मी येगरला देते.

इतिहासवेडा_नंदनवन
हे पटलं. येगरचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं लिहिताना.

हिंगणा_एमआयडीसी
व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज 15 मिनिटांत बदलता तरी येतो. आमच्या शॉपफ्लोअरवर सुपरवायझरने सगळ्यांसमोर बोललेलं कुठे एडिट करता? एका पोराला नव्या मशीनवर पहिल्याच दिवशी "तुझ्याच्यानं होणार नाही" म्हणाले. आता मशीनमधून वेगळा आवाज आला तरी तो विचारत नाही, बिघाड लपवतो. त्यात बोट जाईल कोणाचं तरी. हा मनाला लागण्याचाच विषय नाही, सेफ्टीचा पण आहे.

धरमपेठची_शुभा
@हिंगणा हे फार महत्त्वाचं लिहिलंत. माझ्या त्या विद्यार्थ्याचं तेच झालंय, समजलं नाही तरी आता विचारत नाही.

पण मंडळी, माझा दुसरा प्रश्न राहिलाच. थांबवायचं कसं? पालकसभेत मी समोर बसले होते आणि ते वाक्य येतंय हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, तरी मोठ्या माणसाचं बोलणं तोडायचं कसं हेच सुचलं नाही.

इतवारीतला_वकील
कोर्टात आम्ही "ऑब्जेक्शन" म्हणतो, घरात नाही म्हणता येत. पण काम द्या. "काका, जरा तो पंखा बघता का" म्हटलं की माणूस उठतो. उठला की वाक्य मोडतं.

मनीषनगर_स्पीच
पालकसभेत मुलाला आधीच बाहेर पाठवायचं. "तू बाहेर थांब, मी बाबांशी बोलते." अर्धे प्रसंग तिथेच टळतात, कारण मुलाला लागतं ते सगळ्यांसमोर बोललं गेल्याचं जास्त. आणि त्या वडिलांना सांगा की घरी माफी मागून उपयोग नाही, त्या मित्रांसमोरच एखादं चांगलं वाक्य बोला. खोटं कौतुक नको, जे खरं दिसलंय ते.

काटोल_रोड
सिस्टरचं लिहिलेलं भावाला पाठवलं होतं. त्याने फोन केला. दोनदा वाचलं म्हणाला. मग विचारलं, "रात्री झोपताना तर बाबा ठीकच होते रे, माझ्याशी बोलले होते ना?" मी म्हटलं हो. बराच वेळ बोललो आम्ही. मावशांना सांगायचं की नाही हे अजून ठरत नाहीये, तो नको म्हणतो, म्हाताऱ्या माणसाला आता काय लावायचं. मला वाटते सांगावं, नाहीतर ते पुढच्या तेरवीत पुन्हा बोलतील. काय करू?

सिस्टर_सक्करदरा
सांगा. पण तुम्ही सांगा, भावाने नाही. आणि चारचौघांत नको, त्यांच्या घरी जाऊन, दोघंच असताना.

महालचा_राजा
शुभाताई, आत्याकडे काल जाऊन आलो, तुम्ही म्हटलं म्हणून विचारलंच. ती हसायलाच लागली. म्हणे, "तुले काय वाटलं, असंच निघालं का ते माह्या तोंडातून?"

झालं असं होतं की स्थळ आलं तेव्हाच तिनं बुटीबोरीत ओळखीच्या बाईकडून चौकशी केली होती. पोरगा कंपनीत दिसत नाही एवढं कळलं होतं, पण पक्कं नव्हतं. पोरीच्या बापाला सांगितलं असतं तर तो तिथेच भांडला असता आणि खबर खोटी निघाली असती तर चांगलं स्थळ हातचं जायचं. म्हणून तिनं ठरवलं की नोकरी आहे का असं विचारायचंच नाही, स्लिप मागायची, खरा असेल तर दाखवेल आणि कोणाचा अपमान होणार नाही. पोराच्या आईला बीपी आहे हे तिला माहीत होतं, म्हणून ती आत पाणी आणायला गेली तेव्हाच बोलली आणि मामाकडे पाहून बोलली. आणि पोहे होईपर्यंत थांबली, कारण उपाशीपोटी माणूस लवकर चिडते म्हणे.

आम्ही इतकी वर्षं घरात सांगत आलो, आत्या कशी फटकन बोलते.

आणि थांबवायचं कसं तेही विचारलं. ती म्हणे, मी तं बाजूलेच बसतो अशा माणसाच्या. वाक्य निघायला लागलं की हातावर हात ठेवतो अन् म्हणतो, "ऐका ना भाऊ, तुमच्या वावरातल्या संत्र्याचं काय झालं यंदा?" संत्र्याचं विचारलं की इकडचा माणूस पंधरा मिनिटं दुसरं बोलत नाही.

तर्रीवाला
आत्याला आयडी काढून द्या ना भाऊ इथे.

पुणेकर_सध्या_खामल्यात
+1. हातावर हात ठेवायचं आजच वापरतो, संध्याकाळी सासरे येतायत.

धरमपेठची_शुभा
@महालचा_राजा वाटलंच होतं मला! सोमवारी कॉलेजात त्या वडिलांना बोलावलंय, मुलाचे मित्रही असतील प्रॅक्टिकलला. त्याने मागच्या आठवड्यात सर्किट सगळ्यांच्या आधी जोडलं होतं, ते वडिलांना तिथेच दाखवते, बाकी काही शिकवत नाही. आत्यांना विचारा, पोहे आधी द्यायचे की नंतर?

महालचा_राजा
आधी. अन् तर्री जास्त.